शंभरातले दोन: सक्तीचा वाटा आणि मनाची दया

ज्या माणसाने वर्षभरात एकदाही दवाखान्याची पायरी चढली नाही, त्याने दवाखान्याच्या खर्चाचा वाटा का उचलावा? आणि तोही आपखुशीने नव्हे, तर पगार हाती पडण्याआधीच कापून घेतला जाणारा? वरवर पाहता हा प्रश्न हिशेबाचा दिसतो. परंतु थोडे खोल गेले, की तो शेजारधर्माचा आहे हे ध्यानात येते. दया मनापासून असावी असे आपण शब्बाथशाळेत मुलांना शिकवतो. मग कायद्याने वसूल केलेल्या पैशात दया उरते काय? आणि उरत नसेल, तर असा पैसा घेणे अन्यायाचे ठरते काय? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांतली मुले आज सिडनी, मेलबर्न या शहरांत नोकरीस आहेत. त्यांच्या पगाराच्या हिशेबात प्राप्तिकराबरोबर आणखी एक रक्कम जाते. तिला तेथे मेडिकेअर लेव्ही म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी या चालीवर आपण तिला आरोग्यपट्टी म्हणू. ही पट्टी कशी चालते हे प्रथम पाहू व मग तिच्या न्यायान्यायाकडे वळू. वस्तुस्थिती न पाहता केलेला नैतिक विचार हवेतच राहतो.

आपल्या देशातही अशा तऱ्हेचे दोन प्रकार आहेत. पहिला, १९४८ च्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना, म्हणजे आपली ई.एस.आय. १ जुलै २०१९ पासून तिच्यात कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया जातो व मालक शेकडा सव्वातीन रुपये भरतो. दुसरा, प्राप्तिकरावरील आरोग्य व शिक्षण उपकर. तो २०१८-१९ पासून शेकडा ४ झाला. येथे एक भेद लक्षात ठेवावा. हा उपकर उत्पन्नावर नसून करावर आहे. ज्याचा कर ५०,००० रुपये, त्याने उपकर २,००० रुपये द्यावयाचा. ज्याला करच नाही, त्याला उपकरही नाही. ई.एस.आय.मध्ये जो वर्गणी भरतो तो व त्याचे कुटुंब यांनाच औषधोपचार मिळतो; उपकर भरणाऱ्याला मात्र त्या बदल्यात कोणतेही कार्ड मिळत नाही. ऑस्ट्रेलियाची पट्टी या दोहोंहून निराळी आहे.

तिचा इतिहास बोधप्रद आहे. सर्व नागरिकांसाठी आरोग्यविम्याची कल्पना मेलबर्न येथील जॉन डीबल व रिचर्ड स्कॉटन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात मांडली. पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांच्या सरकारने १ जुलै १९७५ रोजी मेडिबँक या नावाने ती अमलात आणली. तिच्यासाठी पट्टी बसवण्याचा बेत वरिष्ठ सभागृहाने हाणून पाडला होता. म्हणून प्रारंभी ती सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून चालली. पुढे सरकार बदलले. १९७६ साली शेकडा अडीचची पट्टी आली. पण खासगी विमा घेणाऱ्यास तीतून बाहेर पडण्याची मुभा होती. हळूहळू ही योजना खिळखिळी होत गेली आणि १९८१ साली गुंडाळली गेली. अखेर बॉब हॉक यांच्या सरकारने १ फेब्रुवारी १९८४ रोजी मेडिकेअर या नावाने ती पुन्हा उभी केली, तेव्हा पट्टीचा दर शेकडा १ होता. तो वाढत वाढत १ जुलै २०१४ पासून शेकडा २ झाला.

आता व्यवहार पाहू. करपात्र उत्पन्नाच्या शंभर डॉलरांमागे दोन डॉलर, हा साधा नियम. वर्षाला ६०,००० डॉलर मिळवणारा १,२०० डॉलर देतो. १,२०,००० मिळवणारा २,४०० देतो. परंतु गरिबाला सूट आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात एकट्या माणसाचे उत्पन्न २७,२२२ डॉलरांपर्यंत असेल, तर पट्टी मुळीच नव्हती. तेथून पुढे एकदम सगळा बोजा पडू नये म्हणून मर्यादेवरच्या रकमेपुरते शेकडा १० घेतात, आणि उत्पन्न सुमारे ३४,००० झाले की पुरता दर लागू होतो. उदाहरणार्थ, ३०,००० डॉलर मिळवणाऱ्याची मर्यादेवरची रक्कम २,७७८. तिचा दहावा हिस्सा सुमारे २७८ डॉलर, एवढेच त्याने द्यावयाचे. सरळ दोन टक्के लावले असते, तर ६०० भरावे लागले असते. कुटुंबवत्सल माणसांना व वृद्धांना ही मर्यादा आणखी वरची आहे.

या पैशाच्या मोबदल्यात काय मिळते? येथेच खरी मेख आहे. कोणी किती दिले आणि कोणाला किती उपचार मिळाले, यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. ज्याने एक डॉलरही दिला नाही, अशा रहिवाशालाही सरकारी इस्पितळात सार्वजनिक रुग्ण म्हणून विनामूल्य शस्त्रक्रिया होते; आणि ज्याने पाच हजार दिले, त्यालाही तेथे तीच खाट व तेच डॉक्टर. बाहेरच्या डॉक्टरांच्या फीपैकीही ठरलेली रक्कम मेडिकेअर देते. दात आणि चष्मा यांचा बहुतेक खर्च मात्र ज्याचा त्याने करावयाचा असतो. सारांश, ही पट्टी म्हणजे स्वतःच्या नावाने साठवलेली ठेव नव्हे. सर्वांच्या वतीने भरलेला तो वाटा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप धडधाकट माणसाचा: मी आजारी पडत नाही, मग मी का द्यावे? यावर कोणी म्हणतात, आज नाही तर उद्या तुम्हीही आजारी पडाल, तेव्हा फायदा तुमचाच. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. काही माणसे जन्मभर देतील आणि एके रात्री झोपेतच जातील. त्यांना फायदा काय झाला? फायद्याच्या तराजूने तोलले, तर त्यांचे नुकसानच झाले म्हणावे लागेल. म्हणून उत्तर दुसरीकडे शोधले पाहिजे. निरोगी शरीर हे आपण कष्टाने मिळवलेले नाही. पथ्य, व्यायाम, स्वच्छता यांनी आपण ते जपतो हे खरे. पण जन्मजात दुबळे हृदय घेऊन आलेल्या बालकाने कोणते पथ्य मोडले होते? ज्याला न मागता आरोग्य लाभले, त्याने ज्याला ते लाभले नाही त्याच्यासाठी शंभरातले दोन देणे, हा तोट्याचा सौदा नव्हे. न कमावलेल्या देणगीचा तो थोडासा उतराई होण्याचा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो बहुधा श्रद्धावान लोकांकडूनच येतो. ते म्हणतात, सक्तीने काढून घेतलेल्या पैशात प्रीती कोठली? सरकारने दयेचे काम स्वतःकडे घेतले की माणसे निष्ठुर होतात. आम्ही पट्टी भरली, आता शेजाऱ्याचे सरकार पाहून घेईल, असे म्हणू लागतात. या आक्षेपात तथ्य आहे. तो झटकून टाकू नये.

येथे आम्हांस रूथच्या गोष्टीची आठवण होते. ती शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परक्या मवाब देशातून आलेली ही तरुण विधवा बेथलेहेमच्या शेतांत सरवा वेचावयास गेली. कोणाच्या उपकाराने गेली काय? नाही. शेताच्या कडा कापू नयेत, विसरलेली पेंढी घेण्यास मागे फिरू नये, ती परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी सोडावी, असा नियमशास्त्राचा दंडकच होता. म्हणजे मालकाच्या शेतातील काही धान्य मालकाच्या मर्जीवर नव्हतेच. ती सक्तीच होती! परंतु त्या सक्तीमुळे बवाजच्या मनातील दया आटली नाही. उलट, नियमाने दिले त्यावर त्याने आणखी भर घातली. तिला पिण्यास पाणी दिले, जेवावयास जवळ बसवले, आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही ताटे तिच्यासाठी पडू द्यावीत असे गड्यांना बजावले.

या गोष्टीत कायदा व दया एकमेकांचे वैरी नाहीत. रूथ उपाशी राहू नये एवढे कायद्याने पाहिले. तिला आपले माणूस मानण्याचे काम बवाजचे होते. कायदा नसता, तर रूथचे पोट बवाजच्या स्वभावावर अवलंबून राहिले असते. आणि प्रत्येक शेताचा मालक बवाज नसतो, हे आपण जाणतोच.

निव्वळ ऐच्छिक दानाची दुसरीही एक बाजू आहे. मंडळीत कोणी आजारी पडला की आपण वर्गणी गोळा करतो. हे चांगलेच आहे. पण ज्याची ओळखदेख मोठी, ज्याचा स्वभाव गोड, ज्याच्या आजाराला नाव सांगण्यासारखे आहे, त्याची वर्गणी लवकर जमते. मानसिक आजार, क्षय, व्यसनातून आलेला विकार यांसाठी हात आखडतात. शिवाय घेणाऱ्याला आधी तोंड उघडावे लागते; आपली गरिबी चारचौघांपुढे मांडावी लागते. काही स्वाभिमानी माणसे मागत नाहीत आणि घरीच खंगत जातात. पट्टीवर चालणाऱ्या इस्पितळात शिरताना कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. घेणाऱ्याचा हा मान राखला जातो, ही सक्तीच्या पट्टीची मोठी जमेची बाजू आहे. देणाऱ्याच्या मनात प्रीती आहे की नाही याची चिंता आपण फार करतो. घेणाऱ्याची मान किती खाली जाते, याचीही थोडी करावी.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. सर्वांनी सारखे द्यावे, की ऐपतीप्रमाणे? पवित्र शास्त्रात दोन्ही मापे आढळतात. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा, श्रीमंताने अधिक नाही व गरिबाने कमी नाही, असे ठरले आहे. तेथे हेतू हा, की देवापुढे प्रत्येक जीव सारख्याच मोलाचा ठरावा. उलट, मंदिरात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगते, की दान किती टाकले यापेक्षा मागे किती उरले यावरून पाहावे. आरोग्यपट्टीत या दोन्ही विचारांचा मेळ दिसतो. घेताना ऐपत पाहिली जाते; देताना प्रत्येक जीव सारख्या मोलाचा धरला जातो. आमच्या मते हा क्रम योग्य आहे. तो उलटा झाला, म्हणजे घेताना सर्वांकडून सारखे आणि देताना ऐपत पाहून दिले, तर तो उघड अन्याय होईल. दुर्दैवाने जगात पुष्कळ ठिकाणी हा उलटा क्रमच चालू आहे.

तथापि ही योजना निर्दोष आहे असे कोणी समजू नये. १९९७ सालापासून तेथे एक जादा पट्टीही आहे. ज्याचे उत्पन्न बरेच आहे आणि ज्याने इस्पितळाचा खासगी विमा घेतलेला नाही, त्याच्यावर ती बसते. २०२४-२५ साली एकट्या माणसास ९७,००० डॉलरांपुढे ती लागू होती. उत्पन्नाप्रमाणे दर शेकडा १, सव्वा किंवा दीड. खासगी विमा घेतला की ही जादा पट्टी टळते. मूळची दोन टक्के मात्र कोणालाही त्या वाटेने टाळता येत नाहीत. सरकारी इस्पितळांवरचा भार कमी व्हावा हा तिचा उद्देश. पण परिणाम असा, की तातडीची नसलेली शस्त्रक्रिया खासगी विमेदाराची लवकर होते आणि दुसऱ्याला सरकारी यादीत महिनोन्महिने थांबावे लागते.

यातला धोका आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावांतून शिकल्यासवरल्या लोकांची मुले सरकारी शाळेतून निघून गेली, तेव्हा शाळेचे छप्पर गळते हे सांगणारा वजनदार माणूसच उरला नाही. इस्पितळाचेही तसेच होऊ शकते. श्रीमंताने पैसे भरणे पुरेसे नाही; त्याने त्याच रांगेत उभे राहणे हेही त्याच्या वाट्याचेच एक अंग आहे. १९७६ ची योजना अंशतः याच कारणाने लंगडी पडली असे आम्हांस वाटते. ज्याला परवडेल त्याला बाहेरची वाट मोकळी होती. १९८४ च्या पट्टीने ती वाट बंद केली, म्हणून ती टिकली.

चौथा प्रश्न कठीण आहे. ज्याने दारू पिऊन यकृत नासवले, त्याच्यासाठी निर्व्यसनी माणसाने का भरावे? मद्यपानबंदीचा कैवार घेणाऱ्या आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न हमखास निघतो. मेडिकेअर हे विचारीत नाही. आमच्या मते न विचारणेच बरे. एक तर कोणता विकार कोणत्या दोषाने आला, हे निश्चित सांगणे पुष्कळदा डॉक्टरलाही जमत नाही. दुसरे, डॉक्टरच्या दारात न्यायाधीश बसवला, तर अपराध लपवण्यासाठी माणसे दवाखान्यातच येणार नाहीत. व्यसनाला आळा घालावयाचा तो आधी, दुकानाच्या दारात घालावा. ऑस्ट्रेलियाने तंबाखूवर फार जबर कर बसवला आहे, तो अशाच विचाराने. दोषाचा दंड आणि दुखण्याचा उपचार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

पाचवा मुद्दा नावाच्या सचोटीचा. मेडिकेअर लेव्ही हे नाव ऐकून पुष्कळांस वाटते, की साऱ्या मेडिकेअरचा खर्च या दोन टक्क्यांतून भागतो. तसे नाही. पट्टीतून त्या खर्चाचा काही हिस्साच निघतो. बाकीचे सर्वसाधारण करांतून येते. १९९६ साली टास्मानिया राज्यातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने गोळीबार करून ३५ जणांचा बळी घेतला, त्यानंतर लोकांकडील बंदुका विकत घेऊन नष्ट करण्यासाठी हीच पट्टी १९९६-९७ या एका वर्षापुरती शेकडा १.५ वरून १.७ केली होती. २०१४ ची वाढ अपंगांच्या विमा योजनेसाठी होती. हे सर्व उद्देश चांगले. परंतु आपल्या मंडळीचे खजिनदार जाणतात, की छपराच्या फंडातले पैसे पाळकांच्या प्रवासाला वापरले, तर प्रवास कितीही योग्य असला तरी पुढच्या वेळी छपरासाठी कोणी देत नाही. ऑस्ट्रेलियाने वाढ करताना कारण आधी जाहीर केले, हे तिचे चांगले. सक्तीने घेणाऱ्यावर खरे सांगण्याची जबाबदारी दुप्पट असते. कारण देणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नसते.

शेवटचा प्रश्न आपल्या घरांना थेट भिडतो. या छत्राखाली कोण येत नाही? तात्पुरत्या परवान्यावर तेथे काम करणाऱ्या भारतीयाला सहसा मेडिकेअरचा हक्क नसतो. काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर उपचाराचा करार आहे, भारताशी नाही. अशा माणसाला हक्क नसल्याचा सरकारी दाखला घेऊन पट्टीतून माफी मागता येते. घ्यावयाचे नाही तर द्यावयाचेही नाही, हे हिशेबाला धरून आहे. विद्यार्थ्यांना विमा घेऊनच जावे लागते. आणि येथून मुलाकडे चार-सहा महिने राहावयास जाणाऱ्या आईबापांनाही मेडिकेअर लागू नाही. त्यांनी विम्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. तेथे एका रात्रीच्या इस्पितळाचा खर्च येथे वर्षाची पुंजी संपवू शकतो.

परंतु हिशेबाला धरून असलेली प्रत्येक गोष्ट पुरेशी असतेच असे नाही. नियमशास्त्राने सरवा कोणासाठी सोडावयास सांगितला होता? यादीत परदेशी स्पष्ट नमूद आहे. रूथ स्वतः परदेशीच होती. आणि हा प्रश्न केवळ ऑस्ट्रेलियाला विचारून भागणार नाही. आपल्याकडे बेळगावच्या वीटभट्टीवर किंवा वडोदऱ्याच्या बांधकामावर परप्रांतातून आलेला मजूर तापाने फणफणला, तर तो कोणत्या यादीत बसतो? ई.एस.आय.चे कार्ड त्याच्या हाती बहुधा नसते. कोणतीही पट्टी, कोणताही विमा कोठेतरी रेघ ओढतो. त्या रेघेपलीकडच्या माणसाला पाहणे हे बवाजचे काम आहे, आणि ते कायद्याने होत नाही.

म्हणून आमचे मत थोडक्यात असे. ऐपतीप्रमाणे घेतलेली, गरिबाला वगळणारी व खरे नाव सांगणारी आरोग्यपट्टी ही दयेची जागा घेत नाही. ती न्यायाची जागा घेते. न्यायाने जे पुरे होते, त्यासाठी कोणाला हात पसरावे लागू नयेत. आणि न्याय जेथे संपतो, तेथून आपले काम सुरू होते. दोन टक्के भरून शेजाऱ्याच्या उशाशी कोणी बसत नाही, रात्री त्याला पाणी कोणी देत नाही, त्याच्या मुलांना शाळेत कोणी पोहोचवत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा विषय मुलांपुढे मांडावा. त्यासाठी पुस्तक नको, चिंचोके पुरेत. एकाला १०, एकाला ५०, दुसऱ्याला १००, आणखी एकाला २०० असे चिंचोके वाटावेत. एका मुलाच्या नावाची चिठ्ठी आजारी म्हणून निघणार आहे व त्याच्या औषधासाठी सर्वांनी वाटा काढावयाचा आहे, असे सांगावे. प्रत्येकाने सारखेच द्यावेत, की शंभरी दोन द्यावेत? दहावाल्याने काय करावे? नियम मुलांनाच ठरवू द्यावा. मात्र एक अट असावी: नियम आधी ठरला पाहिजे, चिठ्ठी मागाहून उघडावयाची. कारण आपल्यापैकी कोणाचीही चिठ्ठी अजून उघडलेली नाही.